काचेच्या पेटीतला समुद्र : फिलिप हेन्री गॉस



काचेच्या पेटीत पोहणारे रंगीत मासे तुम्ही सर्वांनी पाहिले असतील. दवाखान्यात, हॉटेलात, एखाद्या नातेवाइकाच्या दिवाणखान्यात अशी पेटी हमखास असते. तिला आपण सर्रास ॲक्वेरियम म्हणतो. हा शब्द आजच्या अर्थाने लोकांच्या तोंडी बसवला तो फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने. त्यापूर्वी लॅटिनमध्ये ॲक्वेरियम म्हणजे गुरांना पाणी पाजण्याची जागा! गॉस यांच्या पेटीत गोड्या पाण्यातले मासे नव्हते. तेथे समुद्राचे खारे पाणी होते आणि त्यात शिंपले, गोगलगायी, खेकडे, समुद्रफुले असा संसार होता. शोभेच्या माशांपेक्षा हे प्राणी सांभाळणे फार कठीण. त्या कठीण कामाची आणि ते करणाऱ्या माणसाची ही हकीकत आहे.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वुस्टर येथे झाला. वडील थॉमस गॉस हे छोटी व्यक्तिचित्रे काढणारे चित्रकार होते. गावोगाव फिरून गिऱ्हाईक शोधायचे आणि मिळेल त्यात भागवायचे, असा त्यांचा व्यवसाय. मुलाचे बालपण पूल या बंदराच्या गावी गेले. तेथे सुझन बेल नावाच्या आत्याने त्याला किनाऱ्यावरची समुद्रफुले दाखवली आणि त्यांची चित्रे काढायला शिकवले. घरात पैसा नव्हता. त्यामुळे पंधराव्या वर्षी फिलिप एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून झाला आणि १८२७ साली अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडला गेला. तेथील कार्बनिअर गावी कॉडमासे आणि सीलचा व्यापार चाले. त्याच्या खतावण्या लिहिणे, हे त्याचे काम.

कारकुनीच्या फावल्या वेळात तो किडे गोळा करी. १८३२ साली एका लिलावात त्याने सूक्ष्मदर्शकावरचे एक जुने पुस्तक विकत घेतले आणि त्या वर्षापासून निसर्गाचा अभ्यास हा त्याचा छंद न राहता ध्यास झाला. त्याच वर्षी त्याच्या मनात धर्मश्रद्धाही पक्की झाली. ही दोन्ही वळणे एकाच वर्षाची आहेत, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे याच दोन गोष्टींची त्यांच्या आयुष्यात मोठी ओढाताण झाली.

पुढची बारा-पंधरा वर्षे म्हणजे अपयशांची यादी. १८३५ साली कॅनडात शेती घेतली, ती तीन वर्षांत बुडाली. १८३८ मध्ये अमेरिकेतील अलाबामा येथे मळेवाल्यांच्या मुलांचे मास्तर झाले. तेथील गुलामगिरी पाहून त्यांना किळस आली आणि वर्ष पुरे होण्याआधीच ते निघाले. लंडनला परत येऊन छोटी शाळा काढली, तीही फारशी चालली नाही. (शाळा चालवणे किती जिकिरीचे आहे, हे आमच्या विश्वस्त मंडळींना वेगळे सांगायला नको.) मात्र एवढ्या भटकंतीत त्यांनी वही कधी सोडली नाही. कॅनडातील नोंदींवरून १८४० साली पहिले पुस्तक निघाले. १८४४ ते १८४६ ते जमैका बेटावर राहिले आणि तेथील पक्ष्यांवर लिहून नाव मिळवले.

१८४८ साली त्यांनी एमिली बाउज या लेखिकेशी विवाह केला. तेव्हा गॉस ३८ वर्षांचे आणि एमिली ४२ वर्षांच्या होत्या. पुढच्या वर्षी २१ सप्टेंबरला मुलगा झाला, त्याचे नाव एडमंड. त्या दिवशीच्या रोजनिशीत गॉस यांनी मुलाच्या जन्माची नोंद केली आणि तिच्या जोडीलाच जमैकाहून एक हिरवी पाकोळी आल्याचीही केली. पुष्कळांना यात कोरडेपणा दिसतो. आम्हाला तसे वाटत नाही. ज्याला नोंद ठेवण्याची सवय असते, तो त्या दिवशी जे जे घडले ते लिहितो.

आता पेटीकडे येऊ. समुद्रातले प्राणी घरात जिवंत ठेवणारे गॉस हे पहिले नव्हते. सिसिली बेटावरील मेसिना येथे जान व्हिलप्रू-पॉवर या फ्रेंच बाईंनी १८३०च्या दशकातच काचेच्या टाक्यांत आर्गोनॉट नावाचे शिंपल्यात राहणारे अष्टपाद पाळले होते आणि तो शिंपला हे प्राणी स्वतःच तयार करतात, हे सिद्ध केले होते. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी टॉर्की येथून प्रवाळजातीचे प्राणी लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांच्या घरची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात अर्धा-पाऊण तास ओतत असे. बिचारीचे नाव कोणी नोंदवून ठेवलेले नाही.

यानंतर रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मोलकरणीचे हे काम वनस्पतीकडे सोपवले. प्राणी श्वास घेतात तेव्हा प्राणवायू घेऊन कर्बवायू सोडतात. वनस्पती उजेडात कर्बवायू घेऊन प्राणवायू सोडते. म्हणजे दोघांना एका भांड्यात ठेवले तर दोघांचेही चालावे. वॉरिंग्टन यांनी तसे केले, पण वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. पेटीत मासा सर्वांना दिसतो, पण घर झाडून ठेवणारी गोगलगाय असते, ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

गॉस यांनी हीच रीत खाऱ्या पाण्यात पक्की केली. १८५२ च्या जानेवारीत अतिश्रमाने प्रकृती बिघडल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना समुद्रकाठी पाठवले. डेव्हन प्रांताच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांत पाण्याची छोटी कुंडे उरतात. तेथे ते तासन्तास वाकून बसत. सागरी शेवाळ खडकासकट छिन्नीने काढायचे, कारण मुळाशी तुटलेले शेवाळ जगत नाही, ही त्यांची पद्धत. पुढच्या वर्षी, १८५३ च्या मे महिन्यात, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यासाठी लागणारे प्राणी गोळा करून पाठवण्यात गॉस यांचा मोठा वाटा होता. १८५४ साली त्यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले. त्यातली रंगीत चित्रे त्यांनी स्वतः काढलेली होती. वडिलांची कला मुलाच्या कामी आली. या पुस्तकातून त्यांना नऊशे पौंडांहून अधिक फायदा झाला. त्या काळी ती रक्कम मोठी होती.

या पुस्तकात शिंपल्यांवर फार सुंदर लिहिले आहे. आमचे शिक्षण हिंदीतून झाले. त्यामुळे सीपी आणि घोंघा या दोन शब्दांत आमचे सगळे ज्ञान संपे. कोकण-गोव्याकडच्या मंडळींकडे मात्र तिसऱ्या, खुबे, कालवे, शिणाणे अशी एकेकाला वेगळी नावे आहेत. पण ती बहुधा स्वयंपाकघरापर्यंतच राहतात. गॉस यांनी हे प्राणी जिवंतपणी काय करतात ते पाहिले. स्कॅलप नावाचा पंख्यासारखा शिंपला त्यांनी काचेच्या भांड्यात ठेवला होता. त्याच्या दोन झाकणांच्या कडेला रत्नांसारखे चमकणारे बारीक डोळे ओळीने असतात. झाकणे फटकन मिटून पाण्याची पिचकारी मारत तो उड्या घेतो. पेन्टनच्या वाळूत सापडणाऱ्या कॉकल या जाड, काटेरी शिंपल्याचा लाल भडक पायही त्यांना फार आवडे. हा पाय लांब काढून, वाळूवर टेकवून तो प्राणी चक्क उडी मारतो. काचेवरचे हिरवे शेवाळ खाणारी ट्रॉकस ही समुद्री गोगलगाय पाहून त्यांना गवत कापणाऱ्याची आठवण झाली. तिच्या जिभेवर कानशीसारखे बारीक दात असतात आणि ती पुढे सरकते तेव्हा काचेवर विळ्याने गवत कापावे तशा स्वच्छ पट्ट्या उमटतात.

पण समुद्रापासून दूर राहणाऱ्याने खारे पाणी आणायचे कोठून? हा प्रश्न लंडनकरांचा होता, तसाच तो आपल्या माळव्याचाही आहे. १८५४ साली गॉस यांनी समुद्राच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण समोर ठेवून कृती तयार केली. साधे मीठ, एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड एवढी चारच द्रव्ये त्यांनी घेतली. चुन्याचे क्षार फार थोडे असतात आणि नीट विरघळत नाहीत, म्हणून ते वगळले. समुद्रफुलांचे त्या पाण्यात भागले. पण शिंपल्याचे कवच चुन्याचेच बनलेले असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि त्याच्याशिवाय शिंपला वाढू शकत नाही. म्हणून आजच्या तयार सागरी क्षारांत कॅल्शियम आवर्जून घातलेले असते.

दहावी-बारावीच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. शिंपला सांभाळणे कठीण का? तो कोणाला त्रास देत नाही, वाळूत गप्प पडून राहतो. पाणी एका नळीने आत घेतो, त्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो आणि दुसऱ्या नळीने बाहेर सोडतो. म्हणून लोकांना वाटते की तो फुकटचा गाळणीवाला आहे. परंतु पेटी छोटी असली, पाणी स्वच्छ असले, की गाळायला काही उरत नाही आणि तो हळूहळू उपासमारीने मरतो. मेल्यावरही तो वाळूतच असतो, मालकाला दिसत नाही. मग तो कुजतो, पाण्यात अमोनिया वाढतो आणि बाकीचे प्राणी त्याच्या मागे जातात. अमोनियाचे रूपांतर आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये करणारे जिवाणू नव्या पेटीत रुजायला काही आठवडे लागतात. हे जिवाणू विनोग्राड्स्की यांनी वेगळे करून दाखवले ते १८९० च्या सुमारास. गॉस यांच्या हयातीत ही गोष्ट माहीतच नव्हती. त्यांच्या हाती फक्त डोळे, नाक आणि धीर एवढीच साधने होती.

छोट्या पेटीचा दुसरा शत्रू म्हणजे ऊन. मे महिन्यात पाणी वाफ होऊन उडते, मीठ मात्र खालीच राहते. त्यामुळे उरलेले पाणी दिवसेंदिवस अधिक खारट होते. ते भरून काढायचे तर खारे पाणी घालून चालत नाही, गोडेच घालावे लागते. पेटी जितकी लहान तितका हा फरक लवकर पडतो. लहान पेटी म्हणजे सोपी पेटी, हा समज उलटा आहे.

पुस्तक गाजले आणि इंग्लंडभर ॲक्वेरियमचे वेड पसरले. १८४५ साली काचेवरचा कर उठल्यामुळे काच स्वस्त झाली होती आणि आगगाडीने समुद्रकाठ जवळ आला होता. लंडनमध्ये समुद्राचे पाणी व प्राणी विकणारे दुकान निघाले. १८५५ साली गॉस स्वतः इल्फ्राकूम येथे उत्साही स्त्री-पुरुषांचा वर्ग घेऊन खडकांत उतरले. पाठोपाठ हजारो लोक टोपल्या, बरण्या, छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर गेले. बहुतेकांनी आणलेले प्राणी आठवड्यात मेले. मेले की नवे आणायला पुन्हा किनारा होताच. हाताच्या पंजात मावेल अशा एका समुद्रफुलासाठी खडकाचा तुकडाच फोडून नेणारे थोडे नव्हते. दहा-एक वर्षांत हौस ओसरली. डेव्हनच्या त्या कुंडांतले वैभव मात्र तोवर ओरबाडले गेले होते.

आपल्या देशात आज हा विषय कायद्याचाही आहे. लक्षद्वीप व अंदमानकडील प्रवाळांत आढळणारे जायंट क्लॅम हे मोठे शिंपले आणि खडक बांधणारी प्रवाळे यांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळालेली आहे. ते समुद्रातून काढणे, विकणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. बाजारात कोणी देऊ केला तरी पालकांनी तो घेऊ नये.

गॉस यांच्या घरी याच काळात दुःखाची छाया पडली. १८५६ साली त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. न शिकलेल्या कारकुनाला मिळालेला हा फार मोठा मान. पण त्याच वर्षी एमिलीबाईंना स्तनाचा कर्करोग झाल्याचे समजले. अनेक महिने अतिशय वेदनादायक उपचार चालले. फेब्रुवारी १८५७ मध्ये त्या गेल्या. एडमंड तेव्हा सात वर्षांचा होता.

त्या वर्षीच्या अखेरीस गॉस यांनी ‘ओम्फॅलोस’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ओम्फॅलोस म्हणजे ग्रीक भाषेत बेंबी. खडकांचे थर आणि त्यांतले जीवाश्म पाहून भूगर्भशास्त्रज्ञ पृथ्वी अतिप्राचीन आहे असे म्हणत होते. गॉस बायबलचे शब्दशः पालन करणाऱ्या पंथाचे. दोन्ही खरे कसे? त्यांनी तोड काढली ती अशी : पहिला मनुष्य आईच्या पोटी जन्मला नसूनही त्याला बेंबी असणार, तसेच देवाने पृथ्वी निर्माण करताना तिच्यात जुनेपणाच्या खुणा घालूनच ती निर्माण केली. आपण दोन्ही पक्षांना जोडणारा पूल बांधला, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात दोन्ही पक्ष हसले किंवा रागावले. समुद्रकाठावर पुस्तक लिहिणारे त्यांचे स्नेही चार्ल्स किंग्जली हे स्वतः पाद्री होते. देवाने खडकांत खोट्या खुणा ठेवल्या असे मानणे त्यांनाही अशक्य वाटले आणि त्यांनी तसे कळवले. पुस्तकाच्या पुष्कळ प्रती रद्दीत गेल्या. आमच्या मते हा युक्तिवाद कमकुवत नव्हता. त्याला उत्तर देताच येत नाही, हीच त्याची अडचण. ज्या म्हणण्याला कोणताही पुरावा खोटे ठरवू शकत नाही, ते विज्ञानात उपयोगी पडत नाही. गोगलगायीच्या जिभेवरचे दात मोजणाऱ्या माणसाला हे दिसू नये, याचे वाईट वाटते.

त्याच वर्षी लंडन सोडून ते मुलासह टॉर्कीजवळील सेंट मेरीचर्च येथे राहायला गेले. तेथे १८५८ ते १८६० या काळात त्यांनी ब्रिटनच्या समुद्रफुलांवर ‘ॲक्टिनोलॉजिया ब्रिटानिका’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्यांच्या सर्व कामात हे काम आम्हाला श्रेष्ठ वाटते. छोटा एडमंड वडिलांबरोबर कुंडांत उतरे आणि घरी येऊन त्यांच्या शेजारी बसून, त्यांचेच पाहून, काल्पनिक समुद्रप्राण्यांची चित्रे व वर्णने लिहून काढी. वडील कडक होते. घरात गोष्टींच्या पुस्तकांना बंदी होती. पण गुडघाभर पाण्यात दोघे वाकलेले असताना बापलेकांत अंतर नसे. १८६० साली गॉस यांनी एलायझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरा विवाह केला. त्या माउलीने एडमंडला प्रेमाने सांभाळले.

उतारवयात ते ऑर्किड लावत, फुलपाखरे अभ्यासत, सूक्ष्मदर्शकाखाली रोटिफर हे अतिसूक्ष्म जलजीव पाहत. सी. टी. हडसन यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला रोटिफरांवरचा ग्रंथ १८८६ साली पूर्ण झाला, तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. शेवटी शेवटी आकाशातले तारे पाहण्याचा नाद लागला. थंडीच्या रात्री उघड्या खिडकीत दुर्बीण लावून बसल्याने छातीत सर्दी भरली आणि २३ ऑगस्ट १८८८ रोजी त्यांचे निधन झाले.

एडमंड पुढे नामवंत साहित्यिक झाले. वडिलांची श्रद्धा त्यांनी स्वीकारली नाही आणि त्यावरून दोघांत कायमचा दुरावा आला. १८९० साली त्यांनी वडिलांचे चरित्र लिहिले आणि १९०७ साली ‘फादर अँड सन’ या पुस्तकात आपले बालपण सांगितले. त्या पुस्तकात डेव्हनच्या कुंडांचे वर्णन आहे. लहानपणी आपण वडिलांबरोबर पाहिलेला तो किनारा आता कोणालाच दिसणार नाही, कारण वडिलांची पुस्तके वाचून आलेल्या लोकांनी तो रिकामा केला, असे मुलाने तेथे सांगितले आहे. वडिलांना हे उमगले होते आणि त्याचा त्यांना फार मनस्ताप होई, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे.